दौलत, तू थाप मारली होतीस

दौलत,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात, भंतेजींच्या देखत, तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढे मी आंधी पहिलवानाला मान खाली घालायला लावली. तुला हे आवडलं नसतं. तू असतास तर माझ्या दंडाला धरून बाहेर नेलं असतंस आणि म्हणाला असतास, "जाऊ दे ना गा वामन, कायले तमाशा करून राहिला." पण तू नव्हतास. तुझ्या नसण्याचा एवढा एक फायदा मी करून घेतला. तो कसा घेतला हे तुझ्याशिवाय सांगायला मला दुसरं कोण आहे?

तू गेलास तेव्हा पेपरात दोन ओळी आल्या. नागपूरचे झुंजार मल्ल, हात मोडला पण हार मानली नाही. मी तो पेपर तिथल्या तिथे चुरगाळला. वीसेक वर्षं हे वाक्य मी ऐकत आलो. तालमीत, लग्नाच्या पंगतीत, बाबुलालच्या पानठेल्यावर. ऐकायला चांगलं आहे. फक्त खरं नाही. ते कोणी पेरलं हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पेरणाऱ्याला तर होतंच.

महाल वस्तीतल्या तालमीत तू आलास तो दिवस मला अजून दिसतो. तुमच्या घरानं दीक्षा घेतली तेच वर्ष. तू आत आलास, लाल मातीला हात लावून कपाळाला लावलास आणि बजरंगबलीच्या फोटोसमोरून सरळ पुढे गेलास. पोरं कुजबुजली. उस्तादानं विचारलं, "फोटोले नमस्कार नाही करत का गा?"

"मातीले केला ना उस्ताद. आपलं काम तर हिच्याशीच आहे."

म्हातारा हसला आणि त्यानं तुला माझ्या अंगावर सोडलं. तू मला धोबीपछाड मारून असं फेकलंस की संध्याकाळपर्यंत मला भाकर चावता आली नाही. त्याच संध्याकाळी आपण एका बाकावर बसून उसाचा रस प्यायलो. तू मिलमध्ये मागावर लागलास, मी वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात हमालीला. पण पहाटेची माती कधी सुटली नाही.

उस्तादाच्या तालमीत एक रीत होती. डाव लागला आणि सोसेना, तर समोरच्याच्या अंगावर थाप मारायची. पाठीवर, मांडीवर, हात पोचेल तिथे. थाप पडली की सोडायचं. डाव कितीही सुंदर बसलेला असो. उस्ताद म्हणायचा, "थाप ऐकू नाही आली म्हणते जो, त्यानं तालमीत येऊ नये. खाटकाकडे कामाले लागावं."

मग ती फ्री-स्टाइलची कंपनी आली. कस्तुरचंद पार्कवर कनाती लागल्या, मधे फळ्यांचा उंच चौथरा, वर गादी, चारही बाजूंनी दोर. रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली पुकारा: आंधी पहिलवान येणार, जो जो म्हणून अंगावर येईल त्याला धूळ चारणार. दोराच्या आत लढायची ती कुस्ती आपल्याला पहिल्यांदा हास्यास्पदच वाटली. माती नाही, कपडे रंगीत, पायात बूट. पण गर्दी बघून तूही हरखलास. मॅनेजरला एक नागपूरचा गडी हवा होता, आणि तुझं नाव कोणीतरी त्याच्या कानावर घातलं.

त्या कुस्त्या ठरलेल्या असायच्या. नूरा कुस्ती म्हणायचो आपण; दोघांनी आधी बोलून घेतलेली. तुला सांगितलं ते असं: पहिल्या दोन फेऱ्या रंगवायच्या, दोन-चार डाव दाखवायचे, तिसऱ्या फेरीत आंधी तुझा उजवा हात पाठीवर पिळणार, तू थाप मारणार, तो सोडणार. संपलं.

मी भांडलो तुझ्याशी. "हरायले जातं का तू? आपल्या गावात? आपल्या लोकायसमोर?"

तू लंगोट धुवत होतास. वर न बघता म्हणालास, "वामन, खऱ्या कुस्तीत मी माहा हात वाचवतो. इथं मले तो त्याच्या हाती देऊन टाकावा लागते, भरवशावर. तुले हे सोपं वाटून राहिलं?"

मला तेव्हा ते पटलं नाही. आता तुझ्या बोलण्यातलं तेच एक वाक्य मी कोणालाही विसरू देणार नाही.

कुस्तीच्या संध्याकाळी मी तुझ्या कोपऱ्यात होतो, बादली आणि टॉवेल घेऊन. पहिली फेरी ठरल्यासारखी झाली. दुसऱ्या फेरीत तू त्याला धोबीपछाड मारलास. दाखवायचे ते डाव ठरलेलेच होते, पण सगळा महाल, सगळा इंदोरा, सगळी मिल तिथे आली होती आणि "दौलत! दौलत!" असा गजर उठला होता. तुझ्याही अंगात काहीतरी शिरलं. आंधी गादीवर पडला तो जरा जास्तच जोरात. पब्लिक उभं राहून हसलं. त्याच्यावर हसलं. तो उठला तेव्हा मी त्याचा चेहरा पाहिला आणि बादली खाली ठेवली.

तिसरी फेरी. तू पालथा, त्याचा गुडघा तुझ्या पाठीवर, तुझा उजवा हात त्याच्या दोन्ही हातांत. तुझं तोंड माझ्या बाजूला होतं. तुझा डावा हात मागे गेला आणि त्याच्या पोटरीवर थाप पडली. मग आणखी एक. मग तू मारतच राहिलास. पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला आंधीची पाठच दिसत होती. समोरच्या लोकांना वाटलं तू सुटायची धडपड करतोयस. "हारना मत, दौलत!" म्हणून ते ओरडत होते. मी ओरडलो, "थाप पडली! सोड त्याले! थाप पडली!" त्या गलक्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी दोराखालून आत शिरलो तर मॅनेजरच्या माणसांनी पाय धरून मला ओढलं. मी खाली आपटलो आणि वर बघितलं तेव्हा तुझं कोपर उलट्या बाजूला गेलं होतं.

आणि मग तो माईकवर गेला. तू अजून गादीवर पडलेला, आणि तो माईकवर. "नागपूरवालो, ऐसा शेर मैंने नहीं देखा! हाथ टूट गया, मगर इसने हार नहीं मानी!"

एका क्षणात त्यानं स्वतःचं पाप तुझ्या गळ्यात हार करून घातलं. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. दवाखान्यापर्यंत मिरवणूक निघाली. मी मागून धावत होतो आणि भेटेल त्याला सांगत होतो की यानं थाप मारली होती. एका माणसानं माझी कॉलर धरली. "आमच्या दौलतले हरवून राहिला का बे?"

तू शुद्धीवर आलास तेव्हा मी म्हणालो, "चल, पेपरवाल्याले बोलवतो. सांग सगळं."

तू छताकडे बघत म्हणालास, "काय सांगू? मी हात सोड म्हणून थापा मारून राहिलो होतो म्हणून? बाहेर पाह्य, लोक हार घेऊन उभे आहेत."

तुझं कोपर पुन्हा कधी सरळ झालं नाही. मागावर एक हात चालत नाही; मिल सुटली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याचे डॉक्टर त्या संध्याकाळी पार्कवर होते. त्यांनी तुला लिफ्टवर ठेवून घेतलं. डाव्या हातानं तू तो जाळीचा दरवाजा ओढायचास, आणि पेशंटचे नातेवाईक तुझ्या वाकड्या हाताकडे बघून विचारायचे, "ते दौलत पहिलवान तुमीच का?" तू हसायचास. कोणी बाळंतिणीला बघायला आलेलं असो की मरणाऱ्याला, वर पोचेपर्यंत तू त्यांना ती गोष्ट सांगायचास, आंधीनं रचलेली. मी एकदा त्या लिफ्टमध्ये होतो. तुझ्या तोंडून ती ऐकली आणि पायऱ्यांनी खाली आलो.

त्याचाच मला राग होता, दौलत. हात मोडणारा तुला पोसत होता. तू त्याच्या खोट्याची भाकर खात होतास आणि तिला मीठ तुझं लागत होतं. मी हे बोललो की तू म्हणायचास, "मीबी त्याले ठरल्यापेक्षा जोरात आपटलं होतं. सुरुवात माही आहे." मी म्हणायचो, फेकणं वेगळं आणि थाप मारणाऱ्याचा हात मोडणं वेगळं. तू म्हणायचास, रागात माणूस बहिरा होते. मी म्हणायचो, बहिरा होत नाही, बहिऱ्याचं सोंग घेते. या एका मुद्द्यावर आपण किती चहा थंड केले असतील.

पण बाबुलालच्या ठेल्यावर तू राजा होतास, ते कबूल. संध्याकाळी ड्यूटी संपवून तू महालात आलास की पोरं गोळा व्हायची. नागपुरात मुखवटेवाला पहिलवान पहिल्यांदा कधी आला? तू सांगायचास, आणि वर हेही सांगायचास की तो चहा नळीनं प्यायचा, मुखवटा न काढता, आणि अमरावतीत त्याचा मुखवटा फाडला तेव्हा आत एक माणूस निघाला आणि अकोल्यात फाडला तेव्हा दुसराच. पूर्वी दोघं पहिलवान एकमेकांना सलामी द्यायचे, मग सलामी चालू असतानाच दुष्टाचं सोंग घेणाऱ्यानं लाथ मारायची पद्धत आली. पहिल्या वर्षी लोकांनी त्यावर चपला फेकल्या. दुसऱ्या वर्षी त्यानं लाथ मारली नाही म्हणून फेकल्या. तू हे सांगताना उभा राहून दोघांचंही करून दाखवायचास, एक हात वाकडा असताना. बाबुलाल पानाला चुना लावायचा थांबायचा. रामटेकचा एक मास्तर यायचा, तो तुला अडवायला नवनवीन प्रश्न आणायचा आणि पैज हरून सगळ्यांना पान खाऊ घालायचा.

फक्त एका प्रश्नाला तू कायम बगल दिलीस. हार मानायला हात गादीवर आपटायची पद्धत कधी आली, आणि त्याच्या आधी काय होतं? तुझ्याइतकं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तू म्हणायचास, "याद नाही गा." आणि पोरं चकित व्हायची, दौलतकाकांना एवढं साधं कसं आठवत नाही. बाबुलाल सांगायचा मग: जोडीच्या कुस्त्या आल्या तेव्हा. दोघा-दोघांच्या त्या कुस्तीत दमलेला गडी साथीदाराच्या हातावर थाप मारून त्याला आत घ्यायचा. आता थाप म्हणजे 'ये' की थाप म्हणजे 'सोड', याचा घोळ होऊ लागला, म्हणून कंपनीनं हार मानायची थाप गादीवर नेली. त्याच्या आधी अंगावरची थाप चालायची. बाबुलाल हे सांगत असताना तू रस्त्याकडे बघत राहायचास आणि मी तुझ्याकडे.

मग तो परत आला होता, आठवतं? कंपनी मोडकळीला आली होती, आंधीचं पोट सुटलं होतं, निरोपाच्या कुस्त्या करत गावोगाव फिरत होता. तू मला म्हणालास, चल, बघून येऊ. मी आलो, कारण मला वाटलं तू आज बोलशील. त्यानं तुला गर्दीत ओळखलं. दोराच्या आत बोलावलं, तुझा वाकडा हात धरून वर केला आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी डोळ्यांत पाणी आणून. तू हात वर असताना हसत होतास. मी दात खात होतो.

परत येताना सीताबर्डीवर मी तुला म्हणालो, "तुले लाज नाही का बे?"

तू सायकल थांबवलीस. "कायची लाज? त्या गोष्टीवर माह्या पोरीची शाळा चालून राहिली. उद्या लोकायले समजलं का मी हात सोड म्हणत होतो, तर लिफ्टमधला माणूस निस्ता लुळा राहते. बाकी काय राहते?"

"खरा राहते."

"खरं तू खा," तू म्हणालास आणि निघून गेलास. पूर्ण उन्हाळा आपण बोललो नाही. मग सुमनवहिनींनी संत्र्याच्या दिवसांत टोपली पाठवली आणि मी निमूट तुझ्या घरी आलो. त्या विषयाला आपण दोघांनीही पुन्हा हात लावला नाही. शेवटच्या दिवसांत तुझे पाय सुजले, तू त्याच दवाखान्यात त्याच लिफ्टनं वर गेलास, आणि आता तिचा दरवाजा दुसराच कोणी ओढत होता. मी रोज येऊन बसायचो. तू मला व्हिडिओ पार्लरमधल्या परदेशी पहिलवानांच्या गोष्टी सांगायचास, तोंडाला रंग फासणारे आणि खुर्च्या डोक्यात घालणारे. "खुर्ची मारते वामन, पण पाह्य तू, लागू देत नाही. भल्ला कारागीर आहे तो." मी विचारणार होतो, तो हात थंडीत अजून दुखतो का. एवढंही मी कधी विचारलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आंधीला आपल्याच पोरांनी बोलावलं. तुझा पुतण्या मिलिंद, व्यायामशाळा चालवतो तो. आंधी कुठल्याशा दंगलीचा पाहुणा म्हणून नागपुरात आलेला होता. मिलिंदला वाटलं, काकाच्या कुस्तीचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे, यायला हवा. तो आला. पांढरा कुर्ता, काठी, मोठं पोट, रंगवलेल्या मिशा. त्रिशरण, पंचशील झालं. भंतेजी दोन शब्द बोलले. लोक बोलले. डॉक्टर बोलले. मग माईक त्याच्या हातात गेला.

त्यानं सुरू केलं. मी मागच्या रांगेत, बाबुलालच्या शेजारी. "मैं बोलता रहा, दौलत, हार मान ले, हाथ मार दे. उसने सिर हिलाया. बोला, नागपूर का पानी है." लोक रडायला लागले. नागपूर का पानी! तुझा गाल गादीत दाबलेला होता, तुझे ओठ 'आई' सोडून काही म्हणत नव्हते.

मी उठलो. पुढे जाऊन हात जोडले आणि म्हणालो, "पहिलवानजी, ये नए लड़कों ने वो दांव देखा नहीं. एक बार दिखा दो. मैं लेटता हूँ."

मिलिंद खूश झाला. पोरं पुढे सरकली. आंधीलाही बरं वाटलं. म्हाताऱ्या पहिलवानाला डाव दाखव म्हटलं की त्याचे गुडघे दुखायचे थांबतात. मी सतरंजीवर पालथा झालो. त्यानं गुडघा माझ्या पाठीवर ठेवला आणि माझा उजवा हात मागे घेतला. हळूच घेतला, पण डाव बसला तेव्हा माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत माझं काहीच उरलं नाही. सगळं त्याचं झालं. दौलत, तू लंगोट धुताना जे म्हणाला होतास ते मला त्या सतरंजीवर समजलं.

मी डावा हात मागे नेला आणि त्याच्या पोटरीवर थाप मारली.

त्यानं लगेच सोडलं. विचार न करता. जन्माची सवय.

मी उठून बसलो. विचारलं, "थाप सुनाई दी?"

"हां, दी ना."

"कहां मारी मैंने?"

"पिंडली पे." तो हसत होता.

"दौलतनं तिथंच मारली होती. मी कोपऱ्यात होतो. तुम्ही काहून नाही सोडलं?"

आधी कोणाला कळलंच नाही मी काय म्हणालो. त्याला कळलं. त्याचा चेहरा मी वीस वर्षांपूर्वी एकदा बदलताना पाहिला होता, तसाच बदलला. तो नाही म्हणू शकला असता. तू नव्हतास, पंच नव्हता, मी एक हमालांचा मुकादम, माझं कोण ऐकतं? पण माणूस इतकी वर्षं मनातल्या मनात जे उत्तर घोकत असतो तेच त्याच्या तोंडून निघतं. तो म्हणाला, "टांग पे मारने से क्या होता है? चटाई पे मारना चाहिए था! कायदे में चटाई पे था!"

त्याला स्वतःलाही ऐकू आलं तो काय बोलून गेला.

मागून बाबुलाल उभा राहिला. इतकी वर्षं ठेल्यावर ज्या सुरात सांगायचा त्याच सुरात म्हणाला, "गादीचा कायदा जोडीच्या कुस्त्यायसोबत आला, पहिलवानजी. दौलतच्या कुस्तीच्या नंतर. तुमच्याच कंपनीचा माणूस तवा माईकवर सांगत होता, बदन पे थाप पड़ी तो कुश्ती खतम. मी तिकीट काढून बसलो होतो." रामटेकचे मास्तर म्हणाले, "बरोबर. मीही होतो." आणखी दोघं-तिघं माना हलवत म्हणाले, बरोबर.

मला काय वाटलं सांगू? उस्तादानं माझी पाठ थोपटली असं वाटलं. आंधी कोणाकडे बघत नव्हता. त्याला पळायला दोर नव्हता, कोपरा नव्हता, मॅनेजर नव्हता. मी अगदी मन भरेपर्यंत त्याच्याकडे बघितलं.

तेव्हा मिलिंद बोलला. "म्हणजे... काका हरले होते?"

दौलत, तू सायकल थांबवून जे म्हणाला होतास ते समोर उभं राहिलं.

सुमनवहिनी पुढच्या रांगेतून उठल्या. "थाप मारली होती त्यांनी," त्या म्हणाल्या. "मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दुखलं तर माणूस सोड म्हणते. सोड म्हणणं म्हणजे हरणं असते का रे मिलिंद? इतके वर्षं थंडीत मी त्या हाताले गरम विटेचा शेक दिला. लोक जो हात वर करून नाचवत होते, त्या हातानं त्यायले शर्टाची गुंडी लागत नव्हती." मग त्या आंधीकडे वळल्या. "त्या दिवशी तुमी माईकवर बोलले होते ना? आता बी बोला. खरं काय ते."

त्यानं माईक घेतला. मग म्हणाला, "उसने छोड़ने को कहा था. मैंने सुना था. लोग मुझ पे हँसे थे, इसलिए नहीं छोड़ा." आणि वहिनींपुढे वाकला. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या. भंतेजींनी डोळे मिटून घेतले. मिलिंदनं त्याच्यासाठी आणलेली शाल तशीच घडी करून पिशवीत परत ठेवली.

लोक पांगल्यावर मी वहिनींना म्हणालो, "आज दौलतचं काम झालं."

त्या कप विसळत होत्या. "भाऊजी, त्यांचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी तर त्याले कवाच सोडून दिलं होतं. तुमी तुमचं केलं. मी माहं केलं." मग माझ्या हातात चहा दिला. "पण बरं केलं."

तू त्याला सोडून दिलं होतंस हे तू मला कधी सांगितलं नाहीस. माझ्यासमोर तू नुसता युक्तिवाद करायचास. माफ केलंय असं एकदा तोंडानं म्हणाला असतास, तर मी कदाचित आणखी चिडलो असतो. पण मला माहीत असतं. हे तू तुझ्याबरोबर नेलंस आणि त्याचा राग मला तुझ्यावर आहे. तुझ्यामुळे माझं आयुष्य मजेत गेलं, तुझ्याइतकं कोणी मला हसवलं नाही, तुझ्याइतकं कोणी मला मातीत लोळवलं नाही, आणि तरी हा राग आहे. राहू दे. तुझं काहीतरी माझ्याजवळ राहायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंधी वाडीला आला. कोणाला विचारत विचारत आला असेल, ट्रकांच्या गर्दीतून काठी टेकत. गोदामाच्या दारात उभा राहिला. घामानं मिशांचा रंग ओघळला होता. म्हणाला, "भाभीजी ने तो मुंह फेर लिया. तुम उसके दोस्त हो. तुम माफ कर दो, तो मैं समझूंगा उसने किया."

मी त्याला म्हणालो, "दौलतनं तुम्हाले केव्हाच माफ केलं होतं. मले कालच समजलं."

त्याचा चेहरा उजळला. "और तुम?"

मी हातातल्या वहीत पोत्यांचा आकडा लिहिला. त्यानं पाणी मागितलं. माठातलं दिलं. प्यायला, ग्लास ठेवला, आणि उभाच राहिला. तू असतास तर त्याला पोत्यावर बसवलं असतंस, चहा मागवला असतास, त्याच्याच कंपनीतल्या मुखवटेवाल्याच्या गोष्टी त्यालाच सांगितल्या असत्यास. मी त्याला बस म्हटलं नाही. रायपूरची गाडी मागे मागे येत दाराला लागत होती, क्लीनर ओरडत होता.

"बाजूले व्हा," मी म्हणालो. "माल उतरवायचा आहे."

तो बाजूला झाला.